प्रेमकथेतील दुभंग व्यक्तिमत्त्व : रुग्णकथेपासून पडद्यापर्यंतचा एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

एकाच देहात दोन किंवा अधिक व्यक्ती नांदतात, ही कल्पना मानवी मनाला फार पूर्वीपासून भुरळ घालीत आली आहे. आपल्याकडे परकायाप्रवेशाच्या कथा आहेत आणि अंगात येण्याची परंपराही आहे. पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकात या कल्पनेला वैद्यकीय नोंदींचा आधार मिळाला आणि तेथून ती कादंबरी, रंगभूमी व चित्रपट यांत शिरली. मराठीत ज्याला ढोबळपणे ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ म्हटले जाते, त्या विकाराला १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ असे नाव व स्वतंत्र स्थान मिळाले. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत हे नाव बदलून ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ असे करण्यात आले. प्रस्तुत लेखात या विकारासाठी ‘बहुव्यक्तिमत्त्व विकृती’ ही संज्ञा सोयीसाठी वापरली आहे.

प्रेमकथांत हा विकार येतो तेव्हा त्याचे चित्रण बहुधा अवास्तव असते, अशी तक्रार मनोविकारतज्ज्ञ व रुग्ण दोघेही करतात. ही तक्रार रास्त आहे. मात्र हे अवास्तव चित्रण केवळ लेखक-दिग्दर्शकांच्या अज्ञानातून जन्मले, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. या प्रेमकथेचा साचा मूळ रुग्णकथांतच तयार झालेला होता आणि तो रुग्णकथांतून ललित साहित्यात आला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या साच्याचे तीन घटक आहेत : एक सालस व एक स्वैर अशी व्यक्तिमत्त्वांची सरळ विभागणी, प्रियकर किंवा डॉक्टर यांच्या प्रेमाने होणारा उपचार, आणि विवाह म्हणजेच रोगमुक्ती हा शेवट. हे घटक कसे घडले व त्यांचे परिणाम काय झाले, याचा आढावा पुढे घेतला आहे.

एक संज्ञात्मक खुलासा

विषयप्रवेशापूर्वी एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. मराठी वृत्तपत्रांत व बोलण्यात ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ हा शब्द छिन्नमनस्कतेसाठी, म्हणजे स्किझोफ्रेनियासाठीही सर्रास वापरला जातो. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द योजला. त्याचा शब्दशः अर्थ ‘फाटलेले मन’ असा असल्याने हा गोंधळ निर्माण झाला. ब्लॉयलर यांना विचार, भावना व वर्तन यांतील मेळ तुटणे अभिप्रेत होते. एका देहात अनेक व्यक्ती असणे अभिप्रेत नव्हते. बहुव्यक्तिमत्त्व विकृतीत भिन्न ओळखी आळीपाळीने व्यक्तीच्या वर्तनाचा ताबा घेतात आणि मधल्या काळाची स्मृती तुटलेली असते. वेशांतर करून फसविणे ही तर याहून सर्वस्वी वेगळी बाब होय. आचार्य अत्रे यांच्या १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकातील लखोबा लोखंडे अनेक नावांनी वावरतो व अनेक स्त्रियांना फसवितो. परंतु आपण कोण आहोत हे त्याला पुरते ठाऊक असते. रुग्णाची स्थिती याच्या नेमकी उलट असते.

फेलिडाची कहाणी : रुग्णकथेतील प्रेमप्रकरण

या विकाराच्या इतिहासात फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. यूजेन आझाम यांच्या रुग्णेला विशेष महत्त्व आहे. १८५८ साली आझाम यांनी तिला प्रथम तपासले. शिवणकाम करून पोट भरणाऱ्या या तरुणीची नोंद वैद्यकीय साहित्यात ‘फेलिडा एक्स’ या नावाने झाली आहे. आपल्या नेहमीच्या अवस्थेत ती खिन्न, अबोल व सतत आजारी असे. मग अल्पकाळ झापड येई आणि ती जागी होई ती हसरी, बोलकी व मोकळी होऊन. या दुसऱ्या अवस्थेत तिला दोन्ही अवस्थांतील सारे आठवत असे. पहिल्या अवस्थेत मात्र दुसरीतील काहीच आठवत नसे.

या दुसऱ्या अवस्थेत तिचे एका तरुणाशी संबंध आले व तिला दिवस गेले. पहिल्या अवस्थेतील फेलिडाला याची काहीच कल्पना नव्हती. पोट का वाढते आहे हे ती डॉक्टरांना विचारीत होती. पुढे त्या तरुणाशी तिचा विवाह झाला. आझाम यांनी १८७६ साली ही हकीकत सविस्तर प्रसिद्ध केली तेव्हा ती फ्रेंच तत्त्वचिंतकांच्या वादाचा विषय बनली. मानवी आत्मा एक व अखंड आहे असे मानणाऱ्यांविरुद्ध तेन, रिबो आदी अभ्यासकांनी तिचा पुरावा म्हणून उपयोग केला. कॉलेज द फ्रान्समध्ये मानसशास्त्राचे अध्यासन सुरू होण्याचे श्रेयही प्येअर झाने यांनी पुढे या गरीब शिवणकाम करणाऱ्या स्त्रीला दिले.

या हकीकतीतील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे विवाहाने फेलिडाच्या अवस्था एक झाल्या नाहीत. वर्षे लोटली तशी दुसरी अवस्था लांबत गेली व पहिली आखूड होत गेली. १८७६ च्या सुमारास दुसऱ्या अवस्थेनेच तिचे जवळजवळ सारे आयुष्य व्यापले होते. दुसरी गोष्ट संमतीची. ज्या स्त्रीला आपल्या शरीराबाबत काय घडले हे अर्धा काळ ठाऊकच नव्हते, तिच्या संमतीचा अर्थ काय, हा प्रश्न त्या काळच्या चर्चेत दुय्यमच राहिला. स्मृती व आत्मा यांवर भरभरून लिहिले गेले. फेलिडाच्या भयाचा विचार त्यामानाने फारच थोडा झाला. पुढील प्रेमकथांनी हाच वारसा उचलला.

कादंबरी व रंगभूमी

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची डॉ. जेकिल व मिस्टर हाइड यांची प्रसिद्ध कथा १८८६ साली प्रकाशित झाली. तीत प्रेमकथा नाही. पण सद्गुणी व दुर्गुणी अशी सरळ विभागणी आहे, आणि हीच विभागणी लोकमानसात घट्ट रुजली. जॉर्ज द्यु मोरिए यांच्या १८९४ सालच्या ‘ट्रिल्बी’ या कादंबरीने हा विषय प्रेमकथेत आणला. स्वरज्ञान नसलेली ट्रिल्बी स्वेंगाली या संमोहनकाराच्या प्रभावाखाली थोर गायिका बनते आणि त्याच्या मृत्यूनंतर तिला त्यातले काहीच आठवत नाही. तिच्यावर प्रेम करणारा चित्रकार एकीकडे, तिच्या मनावर ताबा मिळविणारा संमोहनकार दुसरीकडे आणि मध्ये स्वतःची इच्छा हरवलेली नायिका, हा त्रिकोण अफाट लोकप्रिय झाला.

याच सुमारास, १८९८ पासून, बोस्टन येथील डॉ. मॉर्टन प्रिन्स एका तरुणीवर उपचार करीत होते. ‘मिस बोशँ’ या टोपणनावाने तिची हकीकत त्यांनी १९०६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. या ग्रंथाची रचना कादंबरीसारखीच आहे. संतवृत्तीची, चिडखोर व खोडकर अशी व्यक्तिमत्त्वे त्यात पात्रांप्रमाणे वावरतात. खोडकर ‘सॅली’ तर वाचकांची लाडकी ठरली. यांपैकी ‘खरी’ मिस बोशँ कोणती हे ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांनी स्वतःकडे घेतला. पुढे प्रिन्स यांच्याच एका सहकारी डॉक्टरशी या रुग्णेचा विवाह झाला. डॉक्टर व रुग्णा यांच्यातील प्रेमाची जी सोय पुढील लेखकांनी वारंवार वापरली, तिला असा प्रत्यक्षातील दाखलाही होता.

अमेरिकी रंगभूमीने हा विषय लगोलग उचलला. एडवर्ड लॉक यांचे ‘द केस ऑफ बेकी’ हे नाटक १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये आले आणि त्यावर १९१५ व १९२१ साली मूकपट निघाले. सुशील डोरोथी व तिच्याच देहातील उपद्रवी बेकी, त्यांच्यावर अधिकार गाजविणारा संमोहनकार आणि तिला सोडविणारा सज्जन डॉक्टर, ही मांडणी येथे पूर्ण झालेली दिसते. बेकीचा नाश म्हणजे डोरोथीची सुटका, हे तिचे सूत्र. बेकी हा डोरोथीचाच एक भाग आहे व तिलाही काही म्हणावयाचे असेल, हा विचार या मांडणीत बसणारा नव्हता.

‘ईव्ह’ : चित्रपट संपल्यानंतरचे आयुष्य

विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी उदाहरण ‘द थ्री फेसेस ऑफ ईव्ह’ हे होय. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील डॉ. कॉर्बेट थिगपेन व डॉ. हर्वी क्लेक्ली यांनी १९५४ साली या रुग्णेविषयी शोधलेख लिहिला. १९५७ साली त्यांचे पुस्तक व नन्नली जॉन्सन दिग्दर्शित चित्रपट दोन्ही आले. नायिका जोॲन वुडवर्ड यांना या भूमिकेसाठी ऑस्कर पुरस्कार मिळाला. ही सत्यकथा आहे, अशी ग्वाही प्रारंभीच निवेदक ॲलिस्टेअर कुक देतात. नवऱ्याच्या धाकात दबलेली ‘ईव्ह व्हाइट’, रात्री क्लबात रमणारी ‘ईव्ह ब्लॅक’ आणि शेवटी उदयास येणारी समंजस ‘जेन’, अशी तिची तीन रूपे. लहानपणी मृत आजीचे चुंबन घेण्याची सक्ती झाल्याची एक आठवण वर येते आणि त्या एकाच आठवणीने दोन्ही ईव्ह नाहीशा होतात. जेन आपल्या प्रियकरासह व मुलीसह मोटारीतून जाताना चित्रपट संपतो.

प्रत्यक्षातील ‘ईव्ह’ म्हणजे क्रिस कॉस्टनर साइझमोर (१९२७-२०१६). त्यांनी १९७५ साली आपली ओळख जाहीर केली व १९७७ साली ‘आय ॲम ईव्ह’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. त्यांच्या कथनानुसार त्यांच्यात तीन नव्हे, तर वीसहून अधिक व्यक्तिमत्त्वे वेगवेगळ्या काळी प्रकट झाली होती. डॉन साइझमोर यांच्याशी त्यांचा विवाह १९५३ मध्ये झाला, म्हणजे चित्रपट येण्यापूर्वी चार वर्षे. पतीने त्यांना साथ दिली. तरीही विवाहानंतर वीस वर्षांहून अधिक काळ विकार कायम होता आणि अन्य डॉक्टरांच्या दीर्घ उपचारांनंतर १९७४ च्या सुमारास तो आटोक्यात आला, असे त्या सांगत. प्रेक्षक ज्या काळात पडद्यावरील रोगमुक्त जेन पाहून समाधानाने घरी जात होते, त्याच काळात खरी ‘ईव्ह’ आजारी होती; आणि ती बरी झाल्याचे जगाने एकदा मान्य केल्यामुळे आपण अजून आजारी आहोत हे सांगण्याची तिची वाट अधिकच बिकट झाली होती.

प्रेमळ जोडीदार हा रुग्णाचा मोठा आधार असतो, हे साइझमोर यांच्याच आयुष्यातून दिसते. परंतु आधार व उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याच आयुष्यातून दिसते. चित्रपटाने पहिली गोष्ट घेतली व दुसरी गाळली.

‘सिबिल’ आणि उलटा प्रवाह

१९७३ साली फ्लोरा रीटा श्रायबर यांचे ‘सिबिल’ हे पुस्तक आले व १९७६ साली त्यावर दूरचित्रवाणी मालिका झाली. सिबिलच्या भूमिकेसाठी सॅली फील्ड यांना एमी पुरस्कार मिळाला. सोळा व्यक्तिमत्त्वे व बालपणीचा भीषण छळ यांची ही हकीकत होती. मालिकेत रिचर्ड या शेजाऱ्याशी सिबिलचे प्रेमप्रकरणही रंगविले आहे. प्रत्यक्षातील रुग्णा शर्ली मेसन (१९२३-१९९८) होत्या. त्यांच्यावरील डॉ. कॉर्नेलिया विल्बर यांच्या उपचारांविषयी पुढे गंभीर शंका उपस्थित झाल्या. त्यांना ओळखणारे संमोहनतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट स्पीगेल यांनी १९९७ साली या निदानाला जाहीर आव्हान दिले. डेबी नेथन यांनी २०११ सालच्या पुस्तकात मेसन यांची जुनी पत्रे व कागद तपासून, डॉक्टरांच्या अपेक्षांनीच ही व्यक्तिमत्त्वे घडविली, असे प्रतिपादन केले.

येथे हा विषय अधिक गुंतागुंतीचा होतो. ‘सिबिल’नंतर अमेरिकेत या निदानाचे प्रमाण झपाट्याने वाढले. तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी १९९५ सालच्या ग्रंथात दाखविले की, माणसांचे वर्गीकरण केले की त्या वर्गातील माणसे वर्गीकरणाला प्रतिसाद देत स्वतःही बदलतात. म्हणजे कथा रुग्णाकडून साहित्यात जाते, तशीच ती साहित्यातून रुग्णाकडे व डॉक्टरांकडेही परत येते. या विकाराच्या मुळाशी बालपणीचे आघात असतात, असे बहुसंख्य तज्ज्ञ मानतात. सूचना व सांस्कृतिक प्रतिमा यांचा वाटा मोठा आहे, असे काही अभ्यासक मानतात. हा वाद संपलेला नाही. परंतु कोणतीही बाजू घेतली तरी चुकीचे चित्रण निरुपद्रवी ठरत नाही. पहिल्या मतानुसार ते खऱ्या रुग्णाला झाकून टाकते, तर दुसऱ्या मतानुसार ते नवा रुग्ण घडविते.

भारतीय पडदा

भारतात हा साचा १९६७ सालच्या सत्येन बोस दिग्दर्शित ‘रात और दिन’ या हिंदी चित्रपटात ठळकपणे दिसतो. दिवसा घरंदाज गृहिणी वरुणा व रात्री क्लबात वावरणारी पेगी, अशी दुहेरी भूमिका नर्गिस यांनी केली व त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शीर्षकातील रात्र व दिवस ही विभागणी ईव्हच्या काळ्या-पांढऱ्या विभागणीशी सरळ नाते सांगते.

१९९३ सालच्या फाझिल दिग्दर्शित ‘मणिचित्रताळ’ या मल्याळी चित्रपटाने मात्र देशी घाट शोधला. जुन्या वाड्यातील नर्तकीच्या शोकांत प्रेमकथेने झपाटलेली गंगा त्या नर्तकीचेच व्यक्तिमत्त्व धारण करते. शोभना यांनाही या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे याच कथेवरून कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’ (२००४), तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’ (२००५) व हिंदीत ‘भूल भुलैया’ (२००७) हे चित्रपट निघाले. भूत नव्हे, आजार आहे, असे या चित्रपटांनी सांगितले, हे त्यांचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. २०१३ सालच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीनेही अंगात आल्याप्रमाणे प्रकट होणारी ओळख या विकाराच्या व्याख्येत समाविष्ट केली आहे. अर्थात धार्मिक परंपरेतील सर्वमान्य संचार हा त्यात आजार मानलेला नाही. परंतु चित्रपटातील उपचार एका रात्रीत, रचलेल्या विधीच्या बनावाने पूर्ण होतो आणि नायिका पतीच्या घरी परत येते.

शंकर दिग्दर्शित ‘अन्नियन’ (२००५) हा तमिळ चित्रपट हिंदीत ‘अपरिचित’ या नावाने आला. येथे पापभीरू अंबीला नंदिनीने नाकारल्यावर तिला जिंकण्यासाठी ‘रेमो’ हे छैलछबिले व्यक्तिमत्त्व उद्भवते. बालपणातील आघातातून निर्माण होणारी ओळख येथे प्रणयाची युक्ती बनते. शेवटी विवाह होतो. पण नायक पुन्हा एका माणसाचा जीव घेतो व ते पत्नीपासून लपवितो. अनीस बज्मी यांच्या ‘दीवानगी’ (२००२) मध्ये तर हा विकार म्हणजे आरोपीने रचलेले सोंगच ठरते. २०१५ सालच्या ‘किल मी, हील मी’ या दक्षिण कोरियाई मालिकेत सात व्यक्तिमत्त्वांच्या नायकाच्या प्रेमात पडते ती प्रशिक्षणार्थी मनोविकारतज्ज्ञ. बालपणीच्या छळाला ही मालिका योग्य महत्त्व देते. परंतु ज्या नात्याला वैद्यकीय नीतिनियमांनी स्पष्ट मनाई आहे, तेच नाते तीत औषध ठरते.

वास्तव व चित्रण यांतील अंतर

वास्तव काय आहे? हा विकार बहुधा लपलेला असतो. ओळखींचा ठळक बदल बाहेरून दिसावा, असे रुग्ण थोडेच. बहुतेक जण येतात ते नैराश्य, स्मृतीतील पोकळ्या, स्वतःला इजा करणे किंवा झोपेच्या तक्रारी घेऊन. आणि अनेक वर्षे अन्य निदानांखाली उपचार घेत राहतात. पाचव्या निदानपुस्तिकेनुसार बाह्यरुग्णांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो. उपचार टप्प्याटप्प्याने चालतात : प्रथम सुरक्षितता व स्थैर्य, मग आघाताच्या स्मृतींना सावकाश सामोरे जाणे, नंतर जीवनाची पुनर्बांधणी. त्यास वर्षे लागतात. व्यक्तिमत्त्वांपैकी कोणालाही ‘मारणे’ हे उपचाराचे ध्येय नसते. त्यांच्यात परस्पर संवाद व सहकार्य निर्माण करणे हे असते.

पडद्याला मात्र दिसणारा बदल हवा असतो. वेशभूषा, आवाज व चाल क्षणात बदलणारी भूमिका कलावंतास कसब दाखविण्याची संधी देते. वर उल्लेखिलेले पुरस्कार हेच सांगतात. प्रेमकथेला अडथळा हवा असतो व शेवटी मीलन हवे असते. विकार तो अडथळा पुरवितो आणि विवाह तो दूर करतो. चुकीचे चित्रण टिकून राहण्याचे कारण अज्ञानापेक्षा या सोयीत अधिक आहे.

आपल्या समाजात या शेवटाचा परिणाम केवळ करमणुकीपुरता राहत नाही. ‘लग्न करून द्या, सगळे ठीक होईल’ हा सल्ला मानसिक आजार असलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांना आजही घरोघरी मिळतो. आजार लपवून विवाह होतात. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार विशिष्ट स्वरूपाचा व तीव्रतेचा मनोविकार हा विवाह रद्द ठरविण्याचे किंवा घटस्फोटाचे कारण होऊ शकतो. त्यामुळे ज्या विवाहाकडे औषध म्हणून पाहिले, तोच पुढे न्यायालयात रुग्णाविरुद्ध उभा राहतो. उपचारांची वर्षे वाया जातात ती वेगळीच. आणि याची सर्वाधिक किंमत बहुधा स्त्रियांना मोजावी लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, बहुव्यक्तिमत्त्व विकृतीच्या अवास्तव चित्रणाची बीजे एकोणिसाव्या शतकातील रुग्णकथांतच आहेत. डॉक्टरांनी रुग्णेला पात्र बनविले आणि लेखकांनी ते पात्र उचलले. दुसरा, सालस व स्वैर ही विभागणी विकाराच्या स्वरूपापेक्षा त्या त्या समाजाच्या स्त्रीविषयक अपेक्षाच अधिक सांगते. तिसरा, फेलिडा व क्रिस साइझमोर या दोघींच्याही बाबतीत विवाह झाला आणि विकार राहिला; म्हणून विवाह म्हणजे रोगमुक्ती या सूत्राला इतिहासात आधार नाही.

याचा अर्थ लेखकांनी या विषयाकडे वळूच नये, असा नव्हे. बहुव्यक्तिमत्त्व विकृती असलेली माणसे प्रेम करतात, संसार करतात, मुले वाढवितात; त्यांच्या प्रेमाची कथा लिहिली जावयास हवी. मात्र तिचा शेवट मोटारीतून निघून जाणाऱ्या जोडप्यावर न होता, त्यापुढच्या वीस वर्षांची दखल तिने घ्यावी, एवढीच अपेक्षा आहे. साइझमोर दांपत्याने ती वीस वर्षे प्रत्यक्ष काढली. पडद्यावर ती अद्याप यावयाची आहेत.